बहिरा मनुष्य कोणत्या लोकांचा?

मनुष्य कोणत्या लोकांचा आहे, हें आपण बहुधा त्याच्या तोंडून निघालेल्या दोनचार शब्दांवरून ओळखतों. बाजारांत कोणी भाव विचारला, तर तो खानदेशचा कीं कोंकणचा, घाटावरचा कीं वऱ्हाडचा, हें त्याचें नांव कळण्यापूर्वींच आपणांस कळतें. आणि त्यावरून आपण त्याच्याशीं जवळीक करितों किंवा थोडें अंतर राखितों. परंतु ज्याच्या तोंडून शब्द निघत नाहीं व ज्याच्या कानांत शब्द शिरत नाहीं, त्यास कोणत्या लोकांत गणावें? पुष्कळांस वाटतें कीं, त्यास कोणतेच लोक नाहींत. तो केवळ बहिरा आहे, आणि जगांतले सर्व बहिरे एकाच जातीचे. त्यांच्या खुणाहि सर्व देशांत एकच असाव्या, असाहि समज आहे. ह्या समजुतींत दया असेल, परंतु ती खरी नाहीं. आणि तिच्यामुळें बहिऱ्या मनुष्याची मोठी हानि होते, हें आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

हा प्रश्न ज्या देशांत आज विशेष स्पष्टपणें पुढें आला आहे, असा एक देश ऑस्ट्रेलिया होय. तेथें २०२१ सालीं शिरगणती झाली, तेव्हां दर शंभर मनुष्यांत सुमारें २८ मनुष्यें परदेशांत जन्मलेलीं आढळलीं. इंग्लंडच्या खालोखाल भारतांत जन्मलेल्यांची संख्या होती, ती सुमारें ६ लाख ७३ हजार. तींत मराठी बोलणारीं कुटुंबेंहि आलींच. अरबी, व्हिएतनामी, चिनी, पंजाबी अशा नाना भाषांच्या घरांत तेथें मुलें जन्मास येतात, आणि त्यांपैकीं कांहीं बहिरीं असतात. बहिऱ्या मुलांच्या आईबापांपैकीं शंभरांत नव्वदाहून अधिक ऐकणारे असतात, म्हणून इतर मुलांस जी भाषा आईच्या मांडीवर फुकट मिळते, ती ह्या मुलांस तेथें मिळत नाहीं.

तेथील बहिऱ्या लोकांच्या भाषेस ऑस्लन म्हणतात. इंग्रजी शब्दांचीं अक्षरें बोटांनीं काढून दाखविणें म्हणजे ऑस्लन, असें कोणी समजूं नये. तिचें व्याकरण निराळें आहे. ‘मी तुला दिलें’ आणि ‘तूं मला दिलेंस’ ह्यांतला भेद, देण्याची खूण कोणाकडून कोणाकडे सरकते, ह्यावरून कळतो; प्रश्न आहे कीं विधान आहे, हें भुंवयांवरून कळतें. आमच्या देशांतल्या बहिऱ्या लोकांची भाषा हिच्याहून वेगळी. मुंबईचा बहिरा मनुष्य मेलबर्नला गेला, तर बोटांचीं इंग्रजी मुळाक्षरें तेवढीं त्यास बरीच ओळखीचीं वाटतील, कारण दोन्हीकडे तीं दोन हातांनीं काढितात व दोहोंचें मूळ ब्रिटिश आहे. पांच स्वर दोन्हीकडे पांच बोटांच्या टोकांवर बसलेले आहेत. परंतु रोजच्या बोलण्याच्या खुणा त्यास नव्यानें शिकाव्या लागतील. भारतीय खुणांच्या भाषेंत स्त्री म्हणावयाचें असेल, तर बोट नाकाच्या बाजूस, चमकीच्या जागीं लावितात. जेथें बायका चमकी घालीत नाहींत तेथें अशी खूण जन्मावी कशी? हातांच्या भाषेंतहि त्या त्या लोकांचीं घरें, दागिने व चालीरीति शिरलेल्या असतात.

खुद्द ऑस्लनहि समुद्रावरून आलेली आहे. १८६० सालीं सिडनी येथें टॉमस पॅटिसन ह्यांनीं व मेलबर्न येथें फ्रेडरिक रोझ ह्यांनीं बहिऱ्या मुलांच्या शाळा काढिल्या. दोघेहि स्वतः बहिरे होते व ब्रिटनमधून आलेले होते. तेथल्या खुणा त्यांनीं आपल्याबरोबर आणिल्या. पुढें १८७५ सालीं आयर्लंडांतून सिस्टर गॅब्रिएल होगन ह्या बहिऱ्या धर्मभगिनी न्यूकॅसल येथें आल्या. त्यांनीं आयरिश खुणा व एका हाताचीं मुळाक्षरें आणिलीं, आणि रोमन कॅथलिक शाळांतून तीं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत राहिलीं. ह्याचा परिणाम असा झाला कीं, एकाच शहरांतले दोन बहिरे शेजारी, एक एका हातानें अक्षरें काढणारा व दुसरा दोन हातांनीं. आणि ह्या भेदाचें कारण इतकेंच कीं, एकाच्या घरीं पोपास मानीत व दुसऱ्याच्या घरीं मानीत नसत. आम्ही पंथभेद तोंडानें पुष्कळ वाढविले आहेत. ते बोटांपर्यंत पोहोंचले होते, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां परदेशाहून आलेल्या एका घरांत काय घडतें तें पाहूं. समजा, अरबी बोलणाऱ्या घरांत एक बहिरी मुलगी आहे. शाळेंत ती ऑस्लन शिकते, पुस्तकांतून इंग्रजी वाचते, आणि घरीं सर्वांचे ओठ अरबींत हलतांना पाहते. घे, ये, नको, जेव, नीज, एवढ्या खुणा कोणतीहि आई आपल्या लेंकरासाठीं शोधून काढिते. परंतु आजोबा देश सोडून कां आले, उपवास कशासाठीं करावयाचा, लहानपणीं वारलेली बहीण कशानें वारली, हें असल्या खुणांनीं सांगतां येत नाहीं. सणाच्या दिवशीं वीस माणसें जेवावयास बसतात, कोणी कांहीं बोलतो, सर्व हसतात. मुलगी शेजाऱ्याचा हात ओढून विचारते, काय झालें? उत्तर मिळतें, मग सांगतों. तें ‘मग’ बहुधा येतच नाहीं. जगांतल्या पुष्कळ देशांतल्या बहिऱ्या लोकांनीं ही एकच तक्रार केली आहे. आणि आमच्या पंक्तींतहि असें होत नाहीं, असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

बहिऱ्या मैत्रिणींत ती गेली म्हणजे तिचें बोलणें मोकळें होतें, हें खरें. परंतु तेथेंहि ती पूर्ण घरची नसते. तिचें नांव, तिचें अन्न, तिच्या घरची प्रार्थना, ह्यांस तेथें खुणाच नसतात, किंवा असल्या तर बाहेरच्यांनीं केलेल्या असतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले बहिरे लोक पूर्वीं चिनी किंवा जपानी मनुष्य दाखवितांना डोळ्याचा कोपरा ओढून दाखवीत. पुढें पुष्कळांनीं ती खूण टाकिली, आणि चीन व जपान येथील बहिरे लोक स्वतःस जी खूण करितात ती घेतली. बहिरे लोक दुःख सोसतात म्हणून ते इतरांहून अधिक न्यायी असतात, असें नाहीं. तेहि मनुष्येंच आहेत.

अशा घरच्या आईबापांस पूर्वीं, व कित्येकदां अलीकडेहि, शिक्षकांनीं व वैद्यांनीं असा सल्ला दिला कीं, मुलाचा गोंधळ होऊं नये म्हणून घरीं केवळ इंग्रजीच बोला. अरबी नको आणि खुणाहि नकोत. हा सल्ला देणारे लोक दुष्ट नव्हते. एका अपंग जिवावर तीन भाषांचें ओझें कशास घालावें, असें त्यांस मनापासून वाटलें. ह्या मताचा उगम जुना आहे. १८८० सालीं इटलीमधील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली आणि तिनें ठरविलें कीं, शाळेंत हातांची भाषा नको, तोंडानें बोलणेंच शिकवावें. तेथें १६४ प्रतिनिधि होते. त्यांत बहिरा असा एक होता. पुढें शंभर वर्षें अनेक देशांत मुलांचे हात आवरण्यांत आले. २०१० सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें त्याच परंपरेच्या परिषदेनें ह्याबद्दल खेद प्रगट केला.

आमच्या मतें त्या सल्ल्यांत दोन चुका आहेत. मनुष्याचें मन म्हणजे शेराचें माप नव्हे, कीं एक धान्य भरलें म्हणजे दुसऱ्यास जागा उरूं नये. आमच्याच सातपुड्यांत मूल घरीं भिली, बाजारांत अहिराणी व शाळेंत मराठी बोलतें, आणि त्याचें डोकें फुटत नाहीं. उलट, जी भाषा मुलास पूर्णपणें दिसते ती लौकर दिली, तर तिच्या आधारानें दुसऱ्या भाषा शिकणें सोपें जातें. दुसरी चूक अधिक मोठी. ज्या आईस इंग्रजी मोडकें येतें तिनें तें मोडकेंच बोलत राहावें, म्हणजे तिनें बहुतेक गप्पच बसावें, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो. मूल ऐकत नव्हतेंच. आतां आईहि मुकी झाली. त्याच मेलबर्न शहरांत १९७८ सालीं डॉ. ग्रॅम क्लार्क ह्यांनीं आपण घडविलेलें, कानाच्या आंत बसविण्याचें यंत्र प्रथम एका मनुष्यास बसविलें, आणि पुढें अशा यंत्रांनीं पुष्कळ मुलांस ऐकूं येऊं लागलें. ही देवाची देणगीच होय. परंतु तें यंत्र सर्वांस सारखें उपयोगी पडत नाहीं, व जेथें पडतें तेथेंहि त्यांतून कोणाची भाषा ऐकवावी, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, त्या मुलीनें एक काय तें ठरवावें: आपल्या आईबापांच्या लोकांत राहावें किंवा बहिऱ्यांच्या लोकांत जावें. हें बोलणें आम्हां ख्रिस्ती लोकांस ओळखीचें वाटेल. आमच्या पूर्वजांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां गांवानें त्यांस विचारिलें, तुम्ही आतां आमचे कीं साहेबांचे? आणि मिशनच्या आवारांतूनहि कधीं कधीं उलट बाजूनें तोच प्रश्न आला: जुनें नांव, जुना पोषाख, जुनें वाद्य टाकिल्यावांचून तुम्ही आमचे कसे? आमच्या वडिलांनीं दोन्ही प्रश्न नाकारिले. रेव्हरंड ना. वा. टिळक ह्यांनीं प्रभूचें नांव मराठी भजनांत आणिलें, आणि तीं भजनें गातांना आम्ही कमी ख्रिस्ती होतों किंवा कमी मराठी होतों, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. तर मग जो पर्याय आम्हीं स्वतःसाठीं अन्याय्य मानिला, तो बहिऱ्या मुलीपुढें कोणत्या तोंडानें ठेवावा?

तिला दोन्ही लोक असावेत, हें मान्य केलें म्हणजे पुढचा प्रश्न असा: त्यांच्यामधलें अंतर कोणी चालून जावें? आजपर्यंत बहुतेक ठिकाणीं तें बहिऱ्यानेंच चालावें असा नियम आहे. ओठ पाहून समजून घेणें त्यानेंच करावें, आवाज न ऐकतां उच्चार करणें त्यानेंच शिकावें, लिहिणें त्यानेंच शिकावें. आणि तो परक्या देशचा असेल, तर त्या देशाच्या खुणा व त्या देशाची लिपी हींहि त्यानेंच शिकावीं. ह्या सर्वांत ऐकणारा मनुष्य जागचा हलत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, जो जाऊं शकतो त्यानें जावें. बहिरा कितीहि कष्ट करो, तो ऐकणारा होऊं शकत नाहीं. ऐकणाऱ्यास मात्र हात आहेत, डोळे आहेत, आणि हातांची भाषा शिकण्यास त्याच्या अंगीं कांहीं उणें नाहीं. पांगळा अलीकडच्या तीरावर बसला असतां पोहणाऱ्यानें पलीकडून ‘तूंच ये’ म्हणून हांक मारीत राहावें, ह्यास कोणी न्याय म्हणणार नाहीं.

हें अशक्य आहे, असें म्हणणाऱ्यांनीं त्याच ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाश्यांकडे पाहावें. देशाच्या मध्यभागीं वार्लपिरी नांवाचे लोक आहेत. त्यांच्यांत पति मेल्यावर विधवेनें पुष्कळ महिने तोंडानें बोलूं नये, अशी रूढि चालत आली. (ती रूढि चांगली कीं वाईट, हा प्रश्न येथें नाहीं.) त्यामुळें तेथील बायकांनीं हातांची इतकी भरीव भाषा तयार केली कीं, तींत वाटेल तें बोलतां येतें. ॲडम केंडन ह्या विद्वानानें १९८८ सालीं अशा भाषांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेस आर्न्हेम लँड भागांत योल्ङु लोक राहतात. त्यांच्यांतहि ऐकणारे व बहिरे दोघेहि हातांनीं बोलतात. ज्या गांवांत ऐकणाऱ्यांसहि हातांनीं बोलण्याची संवय आहे, त्या गांवांत बहिरें मूल जन्मलें, तर त्यास निराळ्या लोकांत जावें लागत नाहीं. त्याचे लोक आधींच त्याच्यापर्यंत आलेले असतात.

जेथें कोणीच कोणाकडे गेला नाहीं, तेथें काय होतें तेंहि त्याच देशांत दिसलें. नॉर्दर्न टेरिटरी प्रांतांत एका बहिऱ्या आदिवासी मनुष्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला. त्यास लिहितां वाचतां येत नव्हतें, आणि घरच्या व ओळखीच्या माणसांशीं थोड्याशा खुणांनीं बोलण्यापलीकडे त्याच्यापाशीं भाषा नव्हती. न्यायाधीशांपुढें काय चाललें आहे हें त्यास कोणत्याहि रीतीनें समजावितां येईना. १९९८ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, जो आपल्यावरील आरोपाची चौकशी समजूं शकत नाहीं त्याच्याविरुद्ध ती चौकशी पुढें चालवितां येत नाहीं. निवाडा योग्यच आहे. परंतु तो गुन्हेगार होता कीं निर्दोष, हें सांगण्याची संधि त्या मनुष्यास मिळाली नाहीं, आणि ज्यांचें नुकसान झालें असेल त्यांसहि न्याय मिळाला नाहीं. इतक्या वर्षांत त्याच्याबरोबर बसून एखादी भाषा त्यास कोणी दिली नव्हती, ह्याचें हें फळ.

दुसरी गोष्ट २०१८ सालची. एक भुतानी कुटुंब कांहीं वर्षें ऑस्ट्रेलियांत राहत होतें. त्यांनीं कायम राहण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यांत आली, कारण त्यांचा मुलगा बहिरा, आणि त्याच्यावर सरकारचा फार खर्च होईल असा हिशेब झाला. अपंगांविषयीं भेदभावास मनाई करणारा कायदा त्या देशानें १९९२ सालींच केला होता, परंतु परक्या लोकांस देशांत घेण्याचे नियम त्या कायद्याच्या बाहेर ठेविले होते. मुलगा तेथें येऊन ऑस्लन शिकला होता. भुतानांत ती भाषा जाणणारा त्यास कोण भेटणार? ज्या देशाची भाषा त्याच्या हातांत बसली, तोच देश त्यास तूं आमचा नव्हेस म्हणत होता. हजारों लोकांनीं विनंति केल्यावर मंत्र्यांनीं आपल्या अधिकारांत त्या कुटुंबास राहूं दिलें. दया झाली, हें चांगलें झालें. परंतु ज्यांच्यासाठीं हजारों लोक उठले नाहींत त्यांचें काय, हें आम्ही विचारितों.

ऐकणाऱ्यांनीं जावें, असें म्हणतांना सर्व भार त्या आईवरच टाकणें हेंहि न्याय्य नव्हे. ती परदेशांत आलेली, दिवसभर कामावर, स्वतःच इंग्रजीचीं अक्षरें गिरविणारी. आणि ऑस्लनचे वर्ग बहुधा इंग्रजींतून चालतात. म्हणजे लेंकराच्या भाषेपर्यंत जाण्यास तिला आधीं तिसऱ्यांच्या भाषेच्या दारांतून जावें लागतें. शाळेंत पालकांस बोलाविलें म्हणजे एक दुभाषी अरबीसाठीं व एक ऑस्लनसाठीं लागतो. नवीन आलेल्या बहिऱ्या मनुष्यास ऑस्लनहि येत नसेल, तर तिसरा मनुष्य लागतो. तो स्वतः बहिरा असतो, आणि हावभाव, चित्रें व त्या मनुष्याच्या घरच्या खुणा ह्यांवरून अर्थ जुळवून देतो. हें काम ऐकणाऱ्यांस क्वचितच साधतें. खर्चाचें काम आहे, हें खरें. परंतु खर्चाचा भार देशानें उचलला नाहीं, तर तो नाहींसा होत नाहीं. तो त्या मुलीच्या आयुष्यावर पडतो.

पवित्र शास्त्रांतील एक गोष्ट येथें आम्हांस आठवते. पौलानें विश्वासाचा संबंध ऐकण्याशीं लाविला आहे, त्यावरून पूर्वीं कित्येकांनीं असें अनुमान काढिलें कीं, बहिऱ्यास विश्वास धरतांच येत नाहीं. त्यांनीं मार्काचा सातवा अध्याय लक्षपूर्वक वाचावा. प्रभु दकापलीच्या प्रांतांत होता. तेथील वस्ती बहुतेक यहूदीतर, ग्रीक बोलणारी. तेथें लोकांनीं एक बहिरा मनुष्य आणिला. तो बहुधा परक्या लोकांचाच असावा. प्रभूनें त्यास गर्दींतून बाजूस नेलें, त्याच्या कानांत बोटें घातलीं, त्याच्या जिभेस स्पर्श केला, वर पाहिलें, उसासा टाकिला. आणि तोंडचा शब्द त्यानंतर निघाला. कान उघडण्यापूर्वीं जें सांगितलें, तें सर्व डोळ्यांस दिसेल व अंगास कळेल अशा रीतीनें सांगितलें. हातांनीं आधीं बोलणें झालें, आणि तें बोलण्यास कोण गेला, तें वाचकांनीं पाहावें. लूकाच्या पहिल्या अध्यायांत जखऱ्याचें बोलणें बंद झालें, तेव्हां शेजाऱ्यांनीं त्यास खुणा केल्या, हेंहि येथें नमूद करितों; अर्थात् तो त्या वेळीं बहिराहि झाला होता कीं काय, ह्याविषयीं टीकाकारांत वाद आहे.

आमच्या देशांत २०११ च्या शिरगणतींत ऐकण्याचें अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. मिशनचें काम त्यांच्यांत जुनें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं मिस स्वेन्सन ह्या मिशनरी बाईंनीं तिनेवेल्लीजवळ पाळयंकोट्टै येथें बहिऱ्या मुलांची शाळा चालविली. २०१५ सालीं दिल्लीस भारतीय खुणांच्या भाषेची सरकारी संस्था निघाली, आणि तिच्या कोशांत २०२१ पर्यंत १० हजार शब्दांच्या खुणा आल्या. तो कोश मोबाइलवर पाहतां येतो. परंतु खेड्यांतल्या बहिऱ्या मुलाच्या घरची बोली एक, शाळेंतली मराठी दुसरी, आणि शहरांतल्या बहिऱ्यांची भाषा तिसरी. त्यालाहि त्या अरबी मुलीप्रमाणेंच तीन दारें आहेत. गांवांत त्यास त्याच्या नांवानें कोणी हांक मारीत नाहीं, कारण हांक त्यास ऐकूं येत नाहीं. म्हणून मुका किंवा बहिरा हेंच नांव पडतें. हातांनीं बोलणाऱ्यास मुका म्हणणें चुकीचें आहे, एवढें तरी आपण सोडावें. शहरांतले बहिरे लोक एकमेकांस खुणेचीं नांवें देतात: कोणाच्या हनुवटीवरचा तीळ, कोणाचे कुरळे केंस.

आमच्या मंडळ्यांतील प्रचारकांस आमची विनंति आहे. घरोघर भेटीस जातां तेव्हां ज्या घरीं असें मूल असेल तेथें थोडें अधिक बसावें. आईस विचारावें कीं, तुझें मूल भाकरीस कोणती खूण करितें, आजीस कोणती, पावसास कोणती, आणि प्रार्थनेच्या वेळीं हात जोडण्याखेरीज आणखी कांहीं करितें काय. मग त्याच खुणा तेथेंच, मुलाच्या समोर, स्वतःच्या हातांनीं करून पाहाव्या. पहिल्या खेपेस त्या बहुधा चुकतील, आणि मूल आपले हात धरून त्या दुरुस्त करील.